विश्लेषण : रस्त्यावरचे सुरुंग काढण्याचे काम फक्त सॅपर्सनीच करावे का? खालापूर-कर्जतचा अनुभव काय सांगतो?

जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात पाच दिवसांत दोनदा दरड कोसळली. १९ तारखेच्या रात्री इर्शाळवाडीवर आणि २३ तारखेच्या रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ. आडोशीला यंत्रे थेट ढिगाऱ्यापर्यंत पोहोचली. इर्शाळवाडीला रस्ताच नव्हता. तिथे बचावपथकांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढावा लागला आणि कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. दोन्हीकडे ढिगाराच दूर करायचा होता, पण त्यासाठी लागणारी माणसे आणि त्यांचे कौशल्य वेगळे होते.

लष्करातही असाच एक प्रश्न अधूनमधून चर्चेत येतो. सैन्याच्या पुढे जाऊन रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करण्याचे काम ठरावीक शाखेकडेच ठेवावे, की इतर ट्रेडच्या जवानांनाही त्यात येऊ द्यावे?

हे काम नेमके काय असते?

लष्करी तुकडी पुढे सरकण्याआधी रस्ता तपासावा लागतो. सुरुंग किंवा आयईडी कुठे आहे हे शोधणे, तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे, निकामी करणे किंवा जागेवर उडवणे, अडथळे हटवणे आणि शेवटी मोकळ्या वाटेवर खुणा लावणे, असे त्याचे टप्पे आहेत. भारतीय लष्करात ही मुख्यतः कोअर ऑफ इंजिनिअर्सची जबाबदारी आहे. या शाखेच्या जवानाला सॅपर म्हणतात. मद्रास, बंगाल आणि बॉम्बे असे तिचे तीन गट आहेत. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र पुण्यात खडकीला आहे. सॅपर सुतार असो वा यंत्रचालक, आपल्या ट्रेडसोबत सुरुंग, स्फोटके आणि पूलबांधणीचे शिक्षण त्याला घ्यावेच लागते.

राजौरीच्या रस्त्यावर काय घडले होते?

या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण बॉम्बे सॅपर्सचेच आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढण्याच्या कामावर होते. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळ्यांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले आणि राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही ११ एप्रिलपर्यंत त्यांच्या तुकडीने सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडे हटवली आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ते काढले. राण्यांना परमवीरचक्र मिळाले.

या मोहिमेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. रस्त्यालगतची बरवाली टेकडी डोग्रा रेजिमेंटच्या पायदळाने जिंकून दिली होती आणि सॅपर्सना रणगाड्यांचे संरक्षण होते. म्हणजे मार्ग मोकळा करण्यात तेव्हाही अनेक शाखा होत्या. सुरुंगावर हात मात्र सॅपरचाच होता.

इतरांना घ्या, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

पहिला मुद्दा संख्येचा. तपासायचे रस्ते जास्त आणि तज्ज्ञ कमी, ही अडचण सगळीकडेच आहे. दुसरा मुद्दा असा, की प्रत्यक्षात इतर लोक हे काम आधीच करतात. जम्मू-काश्मीरमध्ये ताफा निघण्यापूर्वी रस्ता तपासणाऱ्या रोड ओपनिंग पार्टीत पायदळ, राष्ट्रीय रायफल्स आणि सीआरपीएफचे जवान असतात. स्फोटके हुंगणारे श्वान लष्कराच्या रिमाउंट व व्हेटर्नरी कोअरकडे असतात. गडचिरोलीत तर हे काम पोलिसांचे आणि त्यांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाचे आहे. परदेशातही असे घडले आहे. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेच्या नौदल आणि हवाई दलाच्या बॉम्बनाशक तुकड्यांनी जमिनीवर काम केले.

मग विरोध कशासाठी?

कारण यातली चूक लगेच दिसत नाही. भिंत वाकडी झाली तर बघणाऱ्याला कळते. रस्त्यात राहिलेला सुरुंग कळतो तो मागून येणाऱ्या वाहनाखाली. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेडा येथे भूसुरुंग स्फोटात वाहनातून निघालेले १५ पोलिस आणि चालक मृत्युमुखी पडले. रस्ता सुरक्षित आहे असे गृहीत धरण्याची किंमत किती मोठी असते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले.

शिवाय हे कौशल्य सरावाशिवाय टिकत नाही. महिन्याच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र घेऊन जवान वर्षभर दुसऱ्याच कामावर गेला, तर कागदावर तो पात्र राहतो, पण हाताची सवय मोडते. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेमुळे हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात. आधी एक ट्रेड, मग हे शिक्षण, मग अनुभव, एवढे सगळे चार वर्षांत बसवणे सोपे नाही.

घाटातली हिल गँग काय शिकवते?

कर्जत-लोणावळा हा भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ पासून वापरात आहे. चढ १:३७. पावसाळ्याआधी मध्य रेल्वेची हिल गँग इथल्या कड्यांवर चढते, सैल झालेले दगड हेरते आणि ब्लॉक घेऊन ते फोडून पाडते. रुळांची देखभाल करणारा कामगारही याच मार्गावर राबतो. पण केवळ तेवढ्यावरून त्याला कड्यावर पाठवता येत नाही. कोणता दगड आधी हलवला तर वरचा सगळा भाग खाली येईल, ही जाण अनुभवानेच येते.

इर्शाळवाडीने दुसरी बाजू दाखवली. परिसरातले गिर्यारोहक आणि गावकरी अंधारात वर पोहोचले, कारण त्यांना वाट ठाऊक होती. ढिगाऱ्यात शोध कुठे आणि कसा घ्यायचा, हे एनडीआरएफचे काम होते. या दुर्घटनेत २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. ढिगारा आणखी खचण्याचा धोका असताना शोध कधी थांबवायचा, हा निर्णयही कुणाला तरी घ्यावा लागतो. २३ जुलैला तो घेतला गेला.

एनडीआरएफ हेच या वादाचे एक उत्तर आहे. २००६ मध्ये उभ्या राहिलेल्या या दलात जवान बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ अशा वेगवेगळ्या दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. आधीचे दल कोणते, यावर कुणाला अडवले जात नाही. मात्र इथे आल्यावर प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि काही वर्षे हेच काम करावे लागते.

मग दार उघडावे की नाही?

उघडावे, पण प्रशिक्षणाचे. थेट कामाचे नव्हे. संरक्षण, वाहन चालवणे, श्वान, ड्रोन, खुणा लावणे यांत इतर ट्रेडचे जवान आजही उपयोगी आहेत आणि त्यांची संख्या वाढवता येईल. सुरुंगाला हात लावणे आणि ‘रस्ता मोकळा आहे’ असे सांगणे, हा अधिकार मात्र ज्याने परीक्षा दिली आहे, ज्याचा सराव चालू आहे आणि ज्याची ठरावीक काळाने फेरतपासणी होते, त्याच्याकडेच असावा. तो आधी पायदळात होता की सिग्नलमध्ये, याने फरक पडू नये. मागून येणाऱ्या गाडीतला जवान पुढच्याचा ट्रेड विचारत नाही. त्याच्या शब्दावर विसंबून तो पुढे जातो.