अखंड उत्पादनाचे दशक आणि उपेक्षित एक्सिपियंट

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या ऑरकाम्बी या सिस्टिक फायब्रोसिसवरील गोळीला मान्यता दिली. अखंड पद्धतीने तयार होणारी गोळी नव्या औषधाच्या अर्जातून मान्य होण्याचा तो पहिला प्रसंग होता आणि त्याला आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. अखंड पद्धतीत कच्च्या मालाची भुकटी एका टोकाने सतत आत जाते व दुसऱ्या टोकाने गोळ्या सतत बाहेर पडतात. बॅच पद्धतीप्रमाणे प्रत्येक टप्प्यानंतर माल थांबवून तपासला जात नाही. या यशाचे श्रेय आजही यंत्रे, संवेदक आणि नियंत्रणप्रणाली यांच्याच पदरात पडते, आणि ज्या भुकट्यांनी तो प्रवाह प्रत्यक्षात टिकवून धरला त्या एक्सिपियंटांचा, म्हणजे मूळ औषधाखेरीज गोळीत असणाऱ्या भरणद्रव्यांचा, बंधकांचा, विघटकांचा व वंगणांचा, उल्लेख जाता जाता होतो. हा अन्याय आहे आणि त्याची किंमत उद्योग अजून मोजत आहे.

विल्यम ब्रॉकेडनने १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये भुकटी दाबून गोळी करण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा इतिहास मुख्यतः स्टार्चच्या खळीचा आणि ओल्या दाणेकरणाचा आहे. १९६० च्या दशकात मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बाजारात आले आणि दाणे न करता भुकटी थेट दाबणे शक्य झाले. पुढची तीस-चाळीस वर्षे सुधारणांची असली तरी बॅचच्या चौकटीतच गेली, कारण बॅच पुष्कळ दोष पोटात घालते: एखाद्या खेपेची भुकटी नीट वाहिली नाही, तर मिसळण्याची वेळ वाढवता येते.

खरी कसोटी २००६ ते २०१६ या दशकात लागली. प्रक्रियेवर चालू असतानाच नजर ठेवण्यास उत्तेजन देणारे मार्गदर्शक अमेरिकी प्रशासनाने २००४ मध्ये काढले होते. २००६ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली कणीय पदार्थांच्या अभियांत्रिकीचे केंद्र उभे राहिले आणि २००७ मध्ये नोव्हार्टिस व एमआयटी यांचे सहकार्य सुरू झाले. प्रश्न नेमका कोठे आहे, हे तेथे फीडरपाशीच, म्हणजे भुकटी मोजून प्रवाहात सोडणाऱ्या यंत्रापाशीच, उघड झाले. वजनघटीवर चालणारा फीडर आपल्या नरसाळ्याचे वजन सतत मोजतो आणि ते ठरलेल्या गतीने घटेल अशा बेताने स्क्रूचा वेग बदलतो; परंतु नरसाळे पुन्हा भरले जात असताना वजनाचा आधार सुटतो व स्क्रू अंदाजाने फिरतो. त्या क्षणांत वरून पडलेल्या मालाने खालची भुकटी दबली, तिची घनता वाढली, तर प्रत्येक फेऱ्याला अधिक माल पुढे जातो. भुकटी किती दबेल हे कणांच्या आकारावर, ओलाव्यावर आणि चिकटपणावर ठरते. म्हणूनच सरासरी ५० मायक्रॉनचे सेल्युलोज आणि १०० मायक्रॉनचे सेल्युलोज रासायनिकदृष्ट्या एक असूनही फीडरमध्ये वेगळे वागतात.

मॅग्नेशियम स्टिअरेट या वंगणाची अडचण याहून बिकट आहे. ताशी २० किलो माल नेणाऱ्या मार्गात ते एक टक्का घालायचे, तर तासाला अवघे २०० ग्रॅम, तेही एकसारख्या धारेने सोडावे लागते, आणि ही बारीक, चिकट भुकटी स्क्रूला धरून राहते व गुठळ्यागुठळ्यांनी सुटते. ते कमी पडल्यास गोळी साच्याला चिकटते. जास्त मिसळल्यास कणांवर त्याचा थर बसून गोळी ठिसूळ होते व विरघळण्यास उशीर लावते. दुहेरी स्क्रूच्या ओल्या दाणेकरणात तर बंधकाला भिजून काम करण्यासाठी काही सेकंदच मिळतात, त्यामुळे बॅचमध्ये मिनिटांच्या सवलतीवर निभावलेले बंधक तेथे उघडे पडतात.

विशेष म्हणजे ऑरकाम्बीच्या गाभ्यातील सेल्युलोज, क्रॉसकार्मेलोज, पोव्हिडोन, मॅग्नेशियम स्टिअरेट ही नावे औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित होती. २०१६ मध्ये पोर्तो रिकोतील गुराबो येथे जॅन्सेनची प्रेझिस्टा ही गोळी बॅचमधून अखंड पद्धतीकडे वळली, तिच्यातही ओळखीच्याच भुकट्या होत्या. या दोन्ही यशांतून योग्य यंत्र घेतले की कोणतीही भुकटी चालते, असा निष्कर्ष काढणे चूक होते, आणि तो त्या काळी उत्साहाने मांडला गेला. जुन्या भुकट्या चालल्या त्या त्यांच्या वागण्याचा बारकाईने अभ्यास झाल्यामुळे; तो अभ्यास पुढच्या गोळीसाठी बहुतांशी नव्याने करावा लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या आयसीएच क्यू-१३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शकाने कच्च्या मालाच्या गुणधर्मांचा प्रवाहावरील परिणाम मान्य केला, पण त्याचे बंधन औषध बनवणाऱ्यावर आहे. एक्सिपियंटांच्या कार्यगुणांविषयीचे अमेरिकी औषधकोशातील प्रकरण केवळ माहितीपर आहे आणि युरोपीय औषधकोशातील तत्सम भागही सक्तीचा नाही. पुष्कळ एक्सिपियंटांच्या एकूण खपात औषधउद्योगाचा वाटा लहान असल्याने पुरवठादाराला त्यासाठी वेगळी प्रत काढण्याची घाई नसते, तर नव्या एक्सिपियंटाची तपासणी अमेरिकेत दीर्घकाळ औषधाच्या अर्जाबरोबरच होत आली आणि २०२१ मध्ये स्वतंत्र तपासणीचा प्रायोगिक मार्ग उघडला तोही मोजक्याच प्रस्तावांसाठी. भारतातील जेनेरिक उद्योगात, जेथे बॅच पद्धतीच प्रबळ आहे आणि किलोमागे वाचणाऱ्या रुपयांसाठी पुरवठादार बदलला जातो, ही उणीव अधिक तीव्र होते. खेपेसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रावर शुद्धता व ओळख यांची नोंद असते, परंतु ती भुकटी नरसाळ्यात किती दबेल, स्क्रूला किती चिकटेल, विद्युतभार किती धरेल याचे आकडे त्यावर सहसा नसतात, आणि ते प्रत्येक कारखान्याला प्रत्येक खेपेसाठी स्वतःच काढावे लागतात.