मिटलेल्या कर्जांची पंचवीस वर्षं

मार्च महिना लागला की वसुलीवाल्यांच्या फोनचा सूर बदलतो. एरवी दमात घेणारा माणूस एकदम मऊ होतो. "सर, तुमचे चौऱ्याऐंशी हजार दिसतायत. चाळीसात मिटवून टाकू, फक्त एकतीस तारखेच्या आत भरा." कंटाळलेला कर्जदार मेहुण्याकडून किंवा पतपेढीतून चाळीस हजार उभे करतो आणि सुटलो म्हणतो. पुढे कधीतरी तो घरासाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा बँकेतला अधिकारी स्क्रीनकडे बोट दाखवतो. तिथे त्या जुन्या क्रेडिट कार्डापुढे लिहिलेलं असतं: सेटल्ड.

कर्जाच्या नोंदी ठेवणारी आपली व्यवस्था आता पंचवीस वर्षांची झाली. ती वेगवान झाली, तिला कायद्याचं बळ मिळालं, तक्रारीची दारंही उघडली. पण पैसे भरण्याआधी कर्जदाराला काय सांगायचं, ही गोष्ट मात्र अजून फोनवरच्या माणसाच्या मर्जीवर आहे.

2000 पर्यंत एका बँकेचं कर्ज बुडवून समोरच्या बँकेत नवं काढणं फारसं अवघड नव्हतं. कोण कसा आहे, हे शाखाधिकाऱ्याच्या ओळखीपाळखीवर ठरायचं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दिकी गटाच्या शिफारशीनंतर ऑगस्ट 2000 मध्ये मुंबईत सिबिल ही पतमाहिती कंपनी स्थापन झाली. स्टेट बँक आणि एचडीएफसी तिच्या प्रवर्तकांत होत्या. व्यक्तींच्या कर्जांची माहिती 2004 पासून फिरू लागली. तरी ग्राहकाच्या संमतीशिवाय माहिती कशी द्यायची, हा पेच होताच. तो 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने सोडवला. हा कायदा डिसेंबर 2006 मध्ये अमलात आला.

नेमके तेच दिवस मॉलच्या दारात टेबल टाकून क्रेडिट कार्डं वाटण्याचे होते. पाठोपाठ वसुली एजंटांची दादागिरी आली. फेब्रुवारी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल बँकांना फटकारलं आणि 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने एजंटांसाठी नियम काढले. त्या काळात ज्यांनी तडजोड केली, त्यांना आपण वहीत कुठे बसलो हे कळायला सोपा मार्गच नव्हता. बँका 2007 पासून कर्जदाराचे सिबिल-गुण पाहत होत्या, ग्राहकाला ते दिसू लागले 2011 मध्ये, तेही पैसे मोजून.

सिबिलचा पत-अहवाल एकदा नीट वाचण्यासारखा असतो. प्रत्येक कर्जाचा एक चौकोन. त्यात महिन्यांच्या घरांची रांग आणि प्रत्येक घरात तीन आकडे. 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर, 090 म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय. वर कर्ज उघडल्याची तारीख, शेवटचा भरणा, आणि तडजोड झाली असेल तर आणखी दोन रकाने: किती रकमेवर मिटलं आणि बँकेने किती सोडलं. आपल्या कर्जदाराच्या बाबतीत चौऱ्याऐंशीतून चाळीस गेले, चव्वेचाळीस हजार बँकेने सोडले. पुढच्या बँकेला नेमकं तेच दिसतं.

यात बँकेची बाजू अगदीच लंगडी नाही. चव्वेचाळीस हजार बुडाले ही खरी गोष्ट आहे आणि नवं कर्ज देणाऱ्याला ती कळायलाच हवी. शिवाय अशी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवण्याचं बंधनच आहे. माझा आक्षेप नोंदीला नाही. चाळीस हजार घेणारा माणूस "खातं बंद होईल" एवढंच सांगतो आणि "बंद" व "तडजोडीने बंद" यांतला फरक गिळून टाकतो, त्याला आहे.

दुसरा प्रकार त्याहून चीड आणणारा. कर्जदाराने पै न् पै फेडलेली असते, हातात ना-देय दाखला असतो आणि अहवालात थकबाकी तशीच. का, तर बँकेने नवी माहिती पाठवलीच नाही. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं असेल तर गुंता आणखी वाढतो. भरणा एकाकडे, नोंद दुसऱ्याच्या नावाने, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवणार.

या दुखण्यावर औषधं आली, पण हळूहळू. 2010 मध्ये आणखी तीन पतमाहिती कंपन्यांना परवाने मिळाले. 2015 मध्ये बँकांना चारही कंपन्यांचं सभासद होणं सक्तीचं झालं. 2017 पासून वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीचा पूर्ण अहवाल फुकट मिळू लागला. माझ्या मते खरा बदल रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने केला. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. रक्कम किरकोळ आहे, पण "आम्ही कळवलंय, बघू" या उत्तराला पहिल्यांदाच किंमत लागली. 2025 पासून महिन्याऐवजी दर पंधरवड्याला माहिती पाठवणं बंधनकारक झालं आणि पुनर्रचना कंपन्याही त्याच शिस्तीत आल्या.

तडजोडीबद्दल जून 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने चौकट घातली. तडजोड केलेल्याला त्याच संस्थेकडून किमान बारा महिने नवं कर्ज नाही. शेतीकर्जाचा कालावधी मात्र संस्थेच्या संचालक मंडळावर सोडला. महाराष्ट्रात हा मुद्दा फार जवळचा. 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखाच्या वरची रक्कम शेतकऱ्याने आधी भरायची, मग सरकार दीड लाख देणार, अशी एकरकमी परतफेडीची अट होती. म्हणजे तडजोडीचं निमंत्रण खुद्द सरकारचं. आणि 2025 च्या खरिपाआधी मुख्यमंत्र्यांना बँकांना बजावावं लागलं की पीककर्जासाठी सिबिल मागू नका. दरवर्षी ताकीद द्यावी लागते, यातच सगळं आलं.

अमेरिकेत 2022 मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या पतमाहिती कंपन्यांनी फेडून झालेली दवाखान्याची थकबाकी अहवालातून काढून टाकली. त्यांतली एक ट्रान्सयुनियन, म्हणजे आज सिबिलची मालकीण. तिकडे जमलं ते इकडे निदान दवाखान्याच्या बिलांपायी काढलेल्या कर्जांसाठी का जमू नये, हे तिला कुणीतरी विचारायला हवं.

तोवर फोन आला तर तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नका. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि अहवालात काय लिहिलं जाणार, हे बँकेच्या लेटरहेडवर आधी मागा. तडजोड होऊन गेली असेल तर उरलेली रक्कम भरून ना-देय दाखला घ्या आणि खात्याची नोंद "क्लोज्ड" करून मागा. बहुतेक बँका करतात. उशिराचे जुने आकडे त्याने पुसले जात नाहीत. बँक हलली नाही तर पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथेही तीस दिवस उलटले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत आणि तक्रारीला शुल्क लागत नाही.