तिसऱ्या दिवशी दार वाजवणारी आशाताई

वाशिम जिल्ह्यात, रिसोड असो की मानोरा, दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे आशाताईंनी सहा वेळा यायचं असतं : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. यातली तिसऱ्या दिवसाची भेट सर्वांत मोलाची, कारण ‘दूधच येत नाही’ हे वाक्य घरात बहुधा याच सुमारास ऐकू येतं. सुरुवातीला येतो तो घट्ट, पिवळसर चीक. दिसायला थोडा, पण नवजात बाळाला तेवढा पुरतो. मध, गूळपाणी, घुटी काही लागत नाही. (आजीला हे पटवणं ही मात्र आशाताईंची खरी परीक्षा!)

स्तनाग्र दुखतंय, चिरलंय? बहुतेकदा दोष पकडीचा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. दूध पुरतंय का, हे नुसत्या रडण्यावरून ठरवू नका. आठवडाभराचं बाळ २४ तासांत निदान सहा वेळा शू करतंय आणि वजन धरतंय, तर पुरतंय. उन्हाळ्यात पाऱ्याने चाळिशी ओलांडली तरी सहा महिने बाळाला वरचं पाणी नको; आईने मात्र तहान मारू नये.

स्तन लाल होऊन ताप आला किंवा बाळ सुस्तावून पिईनासं झालं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.