वेसाव्याचा बोंबील, कोरियाची ह्वांगते

वेसावे कोळीवाडा मालाड खाडीच्या मुखाशी वसला आहे. इथल्या पारंपरिक मासेमारीचा कणा म्हणजे डोल. पिशवीसारखे हे जाळे प्रवाहासमोर तोंड करून रोवले जाते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने आलेली मासळी त्यात शिरते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची नेहमीची मासळी. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर नामहे येथेही मासेमारीचे काम भरती-ओहोटीवरच सोपवलेले आहे. उथळ, वेगवान पाण्यात बांबूंचे सापळे उभारून तिथे मांदेलीच्याच कुळातली म्योलची पकडतात. वाळवलेल्या म्योलचीच्या पाण्यावर तिथल्या अनेक सूपांची चव उभी असते. वेसाव्याची खाद्यपरंपरा जाणणाऱ्याला कोरियाचे स्वयंपाकघर म्हणूनच फार परके वाटत नाही.

बोंबलात पाण्याचा अंश फार, त्यामुळे तो लवकर नासतो. म्हणून पावसाळा संपला की बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने वलांडीवर टांगतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मासळी दुर्मीळ झालेल्या त्या दिवसांत सुका बोंबील, सुकट आणि सोडे घर चालवतात.

वेसाव्यात वाळवणीचे काम ऊन करते, कोरियात थंडी. गांगवॉन प्रांतातील डोंगराळ भागात म्योंगते हा मासा डिसेंबरपासून लाकडी मांडवांवर टांगतात. रात्री तो गोठतो, दिवसा सैलावतो. काही महिने असे चालल्यावर त्याचे मांस पिवळसर आणि भुसभुशीत होते. हीच ह्वांगते. तिचे सूप पचायला हलके मानले जाते आणि मद्यपानानंतरच्या सकाळी ते आवर्जून घेतले जाते.

या माशात कोरियाच्या फाळणीचा इतिहासही आहे. ह्वांगते पूर्वी प्रामुख्याने उत्तरेकडील हामग्योंग प्रांतात तयार होई. १९५० मध्ये युद्ध सुरू झाले, २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला आणि तो प्रदेश सीमेपलीकडे राहिला. दक्षिणेत आलेल्या निर्वासितांनी गावाकडच्यासारखी कडक थंडी शोधली आणि गांगवॉनमधील देग्वाल्ल्योंग व इंजे परिसरात मांडव उभारले. पुढे कोरियाच्या समुद्रातला म्योंगते जवळजवळ संपला. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाने त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. आज मांडवांवरचा बहुतेक मासा रशियाकडून येतो.

कोळंबीच्या बाबतीत नाते आणखी जवळचे आहे. वेसाव्याचा जवळा आणि कोरियातील सेउजॉतची बारीक कोळंबी दोन्ही ‘असेटिस’ या एकाच प्रजातीतले जीव. वेसावकर जवळा वाळवतात, कोरियन लोक त्यांची कोळंबी मिठात मुरवून सेउजॉत करतात. चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यातली कोळंबी उत्तम समजली जाते. ती किमचीत पडते आणि तिच्या आंबण्याला खारट खोली देते. हिवाळ्यापूर्वी एकत्र जमून किमची घालण्याच्या प्रथेला, म्हणजे किमजांगला, २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

दोन्हीकडचा तिखटपणा मात्र परदेशी. मिरची अमेरिका खंडातली. कोकणात ती पोर्तुगीजांबरोबर आली. कोरियात तिचा उल्लेख यी सू-ग्वांग यांच्या १६१४ च्या ग्रंथात येतो आणि ती जपानकडून आल्याचे तिथे नोंदलेले आहे. किमचीत ती घालण्याची पद्धत लिखित पाककृतींत अठराव्या शतकात दिसते. आज लाल दिसणारी किमची आणि लाल दिसणारे कोळी कालवण, दोन्ही रंग पाचशे वर्षांच्या आतले आहेत.

वेसाव्यातील पोर्तुगीज काळाची खूण खाडीपलीकडे मढला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला वेसाव्याचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्यास परवानगी लागते. वेसावे बंदरावरून तरीने मढला जाता येते.

कोरियाहून आलेल्या पाहुण्याला वेसावे दाखवायचे असेल, तर किल्ल्याआधी सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी न्यावे आणि सोबत कोळीवाड्यातलेच माणूस घ्यावे. बोंबील किती वाळला, जवळा कधीचा, कोणत्या कालवणाला काय लागते, हे पुस्तकांत पुरते सापडत नाही. ते मासळी विकणाऱ्या कोळणीलाच विचारावे लागते.