कोठून घेतले, तेही लिहा!

‘कुणीसे म्हटलेच आहे’ अशी सुरुवात केली, की आपल्याकडे वक्त्याची निम्मी जबाबदारी संपते. गप्पांच्या बैठकीत हे खपून जाते. विद्यार्थ्यांच्या संशोधनप्रकल्पात मात्र नेमके तेथेच घोडे पेंड खाते. मराठीचे प्रकल्प तपासताना शेवटच्या पानावर ‘संदर्भ : इंटरनेट व ग्रंथालय’ एवढेच लिहिलेले मी कितीदा तरी पाहतो. पाहुण्याला आपला पत्ता ‘मुक्काम महाराष्ट्र’ असा द्यावा, त्यातलाच हा प्रकार!

संदर्भ म्हणजे परीक्षकाला खूश करण्यासाठी जोडलेले शेपूट नव्हे. मागून येणाऱ्याला त्याच वाटेने मुळापर्यंत जाता यावे, म्हणून ठेवलेली ती खूण असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. पानावर वरच्या बाजूस स्वीकारलेला पाठ, आणि खाली कोणत्या पोथीत काय निराळे आहे याची नोंद! संपादकांचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याच्याही हाती पुरावा त्यांनीच दिला. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

आमच्या विद्यार्थ्यांना काही महाभारत संपादायचे नसते, हे खरे. परंतु लहानशी नोंद चुकली तरी केवढा घोटाळा होतो पाहा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ ची, आणि तिचे पुनर्मुद्रण पुण्यात झाले १९७५ मध्ये. नुसते ‘१९७५’ टिपले, की शब्दाचा जुना अर्थ एका क्षणात ११८ वर्षांनी तरुण होतो! तुकोबांच्या गाथेतही अभंगांचे क्रमांक सर्व आवृत्त्यांत सारखे नाहीत. तेव्हा क्रमांकाबरोबर आवृत्ती सांगितलीच पाहिजे.

एका विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्या जमविल्या होत्या. आजीच्या, मावशीच्या, शेजारणींच्या, सगळ्या एकाच वहीत. त्यांतच काही छापील संग्रहातल्या. कोणती कोणाची, याची नोंद नव्हती. तोंडी परीक्षेत विचारले, तेव्हा तिला सांगता येईना. आणि विचारायला आजी उरली नव्हती. काही ओव्या आजीने स्वतः रचलेल्या होत्या, एवढे तिला पक्के ठाऊक होते. पण कोणत्या? गेलेले गुण पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात. आजीची ओवी आजीच्या नावावर लावणे मात्र आता कोणालाच शक्य नाही.

यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. वाचायला बसतानाच वही जवळ घ्यावी. उतारा टिपण्याआधी लेखक, पुस्तक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष आणि पान लिहावे. जसेच्या तसे घेतलेले शब्द अवतरणचिन्हांत, तर स्वतःचा विचार निराळ्या शाईने. संकेतस्थळ असेल तर त्याचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख. कोणाकडून ऐकले असेल तर नाव, गाव, दिवस आणि नाव देण्याची परवानगी. ‘मागाहून लिहीन’ म्हणणाऱ्यांचे ते ‘मागाहून’ सहसा उजाडत नाही.

दिवाळीच्या सुटीत मुले आजोळी जातील. फराळाबरोबर म्हणी, ओव्या, जुन्या हकिकती कानांवर पडतील. पालकहो, सामानात एक कोरी वही अवश्य घाला. आणि सांगा, आधी सांगणाऱ्याचे नाव लिही, मग गोष्ट.