न्योर्डलिंगेन : खड्ड्यात वसलेलं आणि खड्ड्याच्याच दगडांनी बांधलेलं गाव



परिसर अभ्यासात ‘खडक’ हा घटक आला की आपण अग्निजन्य, गाळाचा, रूपांतरित अशी तीन नावं फळ्यावर लिहितो. मुलं ती पाठ करतात आणि विषय संपतो. पण अमुक दगड अमुक प्रकारचा आहे हे माणसाला कळलं कसं? हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. आज जर्मनीतल्या एका छोट्या गावाची माहिती घेऊया. तिथल्या लोकांनी ज्या दगडाचं चर्च बांधलं, त्या दगडाची खरी ओळख पटायला शेकडो वर्षं लागली.

गाव आहे कुठे?

गावाचं नाव न्योर्डलिंगेन. जर्मनीच्या दक्षिणेला बायर्न (बव्हेरिया) राज्य आहे. त्यात म्युनिक शहराच्या वायव्येला एगर नावाच्या लहान नदीकाठी हे गाव आहे. लोकसंख्या सुमारे २० हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी.

गावाभोवती सपाट, सुपीक शेतजमीन आहे. तिला रीस म्हणतात. या सपाट प्रदेशाच्या कडेने सगळीकडून झाडीच्या टेकड्यांचं कडं दिसतं. नकाशात पाहिलं तर एक मोठी गोल परातच वाटते. परातीचा व्यास सुमारे २४ किलोमीटर आणि तळ आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा शंभर-दीडशे मीटर खोल.

गावाची जुनी तटबंदीसुद्धा जवळजवळ गोल आहे. इथे मुलांची गल्लत होते बरं का! तट म्हणजे खड्ड्याची कड नव्हे. तट माणसांनी बांधलेला, त्याचा घेर जेमतेम पावणेतीन किलोमीटर. खरी कड कितीतरी दूर, त्या टेकड्यांवर आहे. मोठ्या परातीत एक छोटी वाटी ठेवली आहे असं समजा.

परात तयार कशी झाली?

सुमारे १ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून मोठा अशनी इथे आदळला. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार त्याचा वेग सेकंदाला सुमारे २० किलोमीटर होता. एवढ्या वेगाने आदळल्यावर तो अशनी स्वतःच जवळपास नाहीसा झाला. जमिनीतले खडक फुटले, वितळले, उडाले. वितळलेल्या थेंबांची हिरवट काच तर शेकडो किलोमीटर दूर, आजच्या चेक देशात जाऊन पडली. ती आजही सापडते आणि तिला मोल्डावाइट म्हणतात. पुढे खड्ड्यात पाणी साठून तळं झालं. तळं हळूहळू गाळाने भरत गेलं. आजच्या सपाट जमिनीखाली त्या तळ्याचा गाळ आहे.

फुटलेले आणि वितळलेले तुकडे एकत्र घट्ट होऊन एक करडा, ठिपकेदार खडक तयार झाला. त्याचं नाव सुएवाइट. श्वाबेन या तिथल्या प्रदेशाच्या लॅटिन नावावरून ते पडलं. गावकऱ्यांच्या दृष्टीने तो फक्त बांधकामाचा दगड होता. गावाच्या मधोमध असलेलं सेंट जॉर्ज चर्च याच दगडाचं आहे. त्याचं बांधकाम १४२७ मध्ये सुरू झालं आणि १५०५ मध्ये संपलं. चर्चचा मनोरा सुमारे ९० मीटर उंच असून त्याला लाडाने ‘डानिएल’ म्हणतात. ३५० पायऱ्या चढून वर गेलं की परातीची कड चहूबाजूंनी दिसते.

ओळख पटली कशी?

दगडात वितळलेली काच दिसायची, म्हणून बरीच वर्षं अभ्यासक हा ज्वालामुखीचा खड्डा मानत होते. हा तर्क काही वेडेपणाचा नव्हता. खडक वितळवणारी दुसरी गोष्ट तेव्हा कुणाला माहीतच नव्हती. १९०४ मध्ये एका अभ्यासकाने अशनीची शक्यता मांडली होती, पण ती मान्य झाली नाही.

१९६० मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आले. त्यांनी जवळच्या ओटिंग गावच्या खाणीतून सुएवाइटचे नमुने घेतले. त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांनी नमुने तपासले आणि त्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. आपल्या ओळखीची गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तिच्यावर प्रचंड दाब पडला तर तिचं कोएसाइट होतं. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण जमिनीच्या पृष्ठभागाजवळ एवढा दाब तो देऊ शकत नाही. तो दाब अशनीच्या आघातातून येतो. अशा रीतीने वाद मिटला.

गंमत पाहा, पुरावा लपलेला नव्हता. तो चर्चच्या भिंतीत साडेचारशे वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. या दगडात अतिशय बारीक, मिलीमीटरहूनही लहान हिरेसुद्धा आहेत. मूळ खडकातल्या ग्रॅफाइटवर, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशासारख्या पदार्थावर, दाब पडून ते तयार झाले. दागिन्यात बसवण्यासारखे मात्र नाहीत!

पुढे ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ मोहिमेचे अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल इथे शिकायला आले. चंद्रावर आघाताचे खडक कसे ओळखायचे, ते त्यांनी या खाणींमध्ये पाहिलं. १९९० मध्ये गावात एका जुन्या कोठारात खड्ड्याचं संग्रहालय सुरू झालं. तिथे चंद्रावरून आणलेला दगडही ठेवला आहे.

गावाचा इतिहास

न्योर्डलिंगेनचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ८९८ चा आहे. १२१५ मध्ये ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर झालं आणि इथली जत्रा व्यापारासाठी नावाजली. १३२७ नंतर आजचा तट बांधला गेला. त्याला पाच वेशी आहेत आणि वरून छप्पर असलेल्या वाटेने आजही पूर्ण फेरी मारता येते. नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. कातडी वाळवण्यासाठी त्यांच्या घरांना उघडे माळे असत.

सगळाच इतिहास काही अभिमानाचा नाही. १५८९ ते १५९८ या काळात इथे ‘चेटकीण’ ठरवून ३४ बायकांना आणि एका पुरुषाला मारण्यात आलं. मारिया होल नावाच्या खाणावळवालीचा ६२ वेळा छळ केला, तरी तिने खोटा गुन्हा कबूल केला नाही. शेवटी १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं. पुराव्याशिवाय मत बनवलं की काय होतं, हे मोठ्या वर्गांतल्या मुलांना यातून सांगता येईल.

१६३४ मध्ये तीस वर्षांच्या युद्धातली एक मोठी लढाई गावाजवळ झाली आणि गावाची भरभराट ओसरली. नंतर मोठी वाढ झाली नाही, म्हणूनच जुनं गाव टिकलं.

चालीरीती

रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी आजही ‘सो ग्सेल सो’ अशी आरोळी देतो. त्याचा अर्थ साधारण ‘असंच, गड्या, असंच’ असा होतो. दंतकथा अशी की १४४० मध्ये फितूर द्वारपालाने शत्रूसाठी वेस उघडी ठेवली होती. एक डुकरीण दाराला अंग घासू लागली, दार हललं, एका बाईच्या लक्षात आलं आणि गाव वाचलं.

मे महिन्यात ‘श्टाबेनफेस्ट’ हा खास शाळकरी मुलांचा वसंतोत्सव असतो. त्यात मुलं मिरवणूक काढतात. आणि फुटबॉलवेड्या मुलांना हे जरूर सांगा की १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा गेर्ड म्युलर याच गावात जन्मला.

आपल्या वर्गात काय करता येईल?

याच प्रकारचा खड्डा आपल्याकडेही आहे, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे रीसच्या मानाने लहान. पण लोणार बेसॉल्ट खडकात आहे आणि बेसॉल्ट तर लाव्हापासूनच बनतो. म्हणून लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीचा खड्डा समजत असत. १९७० च्या दशकात तिथल्या खडकांतही आघाताच्या खुणा मिळाल्या.

१. परातीत ओली माती घ्या, वर रांगोळीचा पातळ थर द्या आणि उंचावरून गोटी टाका. माती कुठवर उडाली, कड कशी उभी राहिली, हे मुलांना मोजू द्या. उंची बदलून पुन्हा करा.

२. लोणार आणि रीस यांची तुलना करणारा तक्ता करा : व्यास, खडक, पाणी, वस्ती.

३. गावातलं देऊळ, वेस, विहीर किंवा शाळेचं जोतं कोणत्या दगडाचं आहे ते मुलांना पाहायला सांगा. काळा पाषाण, जांभा की आणखी काही? तो कुठून आणला, हे आजी-आजोबांना विचारायला लावा.

उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘तुला असं का वाटलं?’ एवढंच विचारा. रीसच्या बाबतीत मोठमोठ्या अभ्यासकांचंही उत्तर बदललं, ते नवा पुरावा सापडल्यावर. मुलाने आपल्या उत्तराचं कारण सांगितलं की त्याला खडकाचा पाठ समजायला लागला म्हणायचं. तीन नावं तो नंतरही पाठ करू शकेल.