वरचा विस्तव

नाताळच्या आठवड्यात बार्देशातल्या एका घरी दुपारी तीनला पोचलो, तेव्हा आंटींनी बेबिंकेचा दुसरा थर नुकताच ओतला होता. चुलीत जाळ जवळजवळ नव्हताच. निखारे सगळे भांड्याच्या झाकणावर, नारळाच्या सोडणांचे, लालबुंद. खाली लाकूड सारायला मी हात पुढे केला, तर त्या ओरडल्याच, "सकयल उजो नाका, वयर जाय!"

मिश्रण सोपं: डझनभर अंड्यांचे बलक, साखर, नारळाचा पहिला दाट रस, थोडा मैदा, जायफळ. पळीभर ओतायचं, झाकायचं, वरची साय तपकिरी झाली की चमचाभर तूप सोडून पुढची पळी. एका थराला वीसेक मिनिटं. मध्येच झाकण उचललं तर राख आत पडते. चौथ्या थराला पडलीच. आंटींनी ती चमच्याच्या टोकानं टिपली, माझ्याकडे बघितलं आणि तूप जरा सढळ सोडलं.

जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बिबियाना नावाच्या जोगिणीनं तिथल्या सात टेकड्यांसाठी सात थर रचले, अशी गोष्ट सांगतात. मठ खरा, १६०६ साली पाया घातलेला. पोर्तुगीज मठांतल्या गोडधोडात बलकांची चंगळ असते, हेही खरं. पांढरं कपड्यांच्या खळीत जाई म्हणतात. बिबियाना मात्र मला पदार्थाच्या नावावरूनच जन्मलेली वाटते. कारण फिलिपिन्समध्येही १६ ते २४ डिसेंबरच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चबाहेर 'बिबिंका' विकतात. ती तांदळाची, केळीच्या पानावरची, बिनथराची. पण रस नारळाचाच आणि निखारे वरही, खालीही. मकावमध्येही दुधाची एक बेबिंका आहे. एवढ्या समुद्राला एक जोगीण पुरायची नाही.

२०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानातली आता बहुधा विजेच्या भट्टीत होते. थर तिथे फुटपट्टीनं आखल्यासारखे सारखे येतात, आणि धुराचा वास शोधूनही सापडत नाही.

दिवेलागणीला सातवा थर चढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आंटींनी गार झालेली बेबिंका उपडी केली आणि पातळ काप काढले. मी कडेनं थर मोजत चौथ्यापाशी थांबलो. राख दिसली नाही. तूप मात्र बोटाला लागलं.